स्प्रिंग ब्रेक: युटात आठ दिवस, तंबू, दोन मुलं आणि ट्रेल रनिंग – माहिती हवी आहे

पायवाट | ८ फेब्रुवारी

नमस्कार. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना स्प्रिंग ब्रेक आहे, आठ दिवस हाताशी आहेत. मुलगी चौथीत, मुलगा सहा वर्षांचा. मी आणि बायको दोघंही धावतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा ट्रेलवरची हाफ मॅरेथॉन केली आणि तेव्हापासून डांबरी रस्त्यावर पाय रमत नाहीत.

युटातली पाचही राष्ट्रीय उद्यानं बघायचं डोक्यात आहे: गाडीने निघायचं, मोॲबला दोन रात्री (आर्चेस आणि कॅनियनलँड्स), मग कॅपिटॉल रीफ, ब्राइस, झायन आणि परत. सगळीकडे तंबूतच राहायचं. मात्र आर्चेसच्या आतल्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं हे मला कालच कळलं, आणि तिथे आता एकही जागा नाही. मार्चमध्ये रात्री किती गारठा असतो? एकाने मुलांजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने धावायचं अशा हिशेबाने कोणत्या वाटा चांगल्या? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानभूल | ८ फेब्रुवारी

पायवाट, तुमचा आराखडा दोनदा वाचला. पाच उद्यानांचा हट्ट सोडा, असं मनापासून सांगतो. मोॲबहून झायनला पोचायला पाच तासांच्या वर लागतात आणि झायनहून डेन्व्हर म्हणजे अख्खा दिवस गाडीत. आठातले जवळपास तीन दिवस मुलं मागच्या सीटवर काढतील. शिवाय तंबू रोज उभारायचा, रोज मोडायचा. आखडलेल्या बोटांनी दवाने भिजलेला तंबू गुंडाळण्यात सकाळचा तास-दीड तास सहज जातो, आणि तीच तर तुमची धावायची वेळ.

ब्राइसचा कडा आठ ते नऊ हजार फुटांवर आहे. मार्चअखेर तिथे अजून हिवाळाच असतो, वाटांवर बर्फ आणि गोठलेला चिखल. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे तंबूत राहू नका. झायन बरंच खाली, म्हणून उबदार. पण स्प्रिंग ब्रेकला गर्दी तिकडेच लोटते. तिथली नॅरोजची घळ बर्फ वितळायला लागला की बऱ्याचदा बंद असते, पाण्याचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला की आत सोडत नाहीत. एंजल्स लँडिंगच्या साखळ्यांच्या वाटेला २०२२ पासून परवाना लागतो, आणि परवाना मिळाला तरी लहान मुलांना मी तिथे नेणार नाही.

त्यापेक्षा मोॲबलाच तळ ठोका. गाव ४,००० फुटांवर. तासाभराच्या अंतरात दोन राष्ट्रीय उद्यानं, एक स्टेट पार्क आणि बीएलएमची (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्राचं खातं) अफाट मोकळी जमीन. रोज नवी वाट आणि रात्री तोच तंबू. एखादा दिवस फारच वाटलं तर कॅपिटॉल रीफला जाऊन या, अडीच तासांवर आहे.

जागेचं म्हणाल तर हायवे १२८ धरा. हा रस्ता कोलोरॅडो नदीच्या कडेने जातो, दोन्ही बाजूंना लाल कडे. गूस आयलंड, ग्रँडस्टाफ, बिग बेंड अशी बीएलएमची छोटी कॅम्पग्राउंड्स एकापाठोपाठ लागतात. आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा. आम्ही गेलो तेव्हा रात्रीचे २० डॉलर होते. संडास आहेत, पाणी नाही. हे पाण्याचं नीट लक्षात ठेवा. या भागात माणशी रोज एक गॅलन लागतं. चौघांचं दोन दिवसांचं पाणी म्हणजे आठ गॅलन, तेवढे कॅन गाडीत हवेत, आणि दर दुसऱ्या दिवशी गावातून भरून आणायचे.

शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी पोचलात तर जागा मिळणार नाही. वाटेत एक रात्र काढा आणि रविवारी सकाळी ९ च्या आत तिथे हजर व्हा. शनिवार-रविवारसाठी आलेले लोक तेव्हा तंबू आवरत असतात.

घाटमाथा | ९ फेब्रुवारी

मुलगी चौथीत आहे ना? मग राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश अख्ख्या गाडीला फुकट. चौथीच्या मुलांसाठी वर्षभराचा पास असतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. वेबसाइटवर मुलीने छोटी प्रश्नावली भरायची. आम्ही तो कागद छापून नेला होता आणि पहिल्याच फाटकावर त्याच्या बदल्यात कार्ड मिळालं. ते लेकीच्या हातात द्या, आमच्या मुलाने ते आठवडाभर गळ्यात घातलं होतं. डेड हॉर्स पॉइंटला मात्र तो चालत नाही, ते राज्याचं उद्यान आहे.

आर्चेसला २०२२ पासून गर्दीच्या महिन्यांत वेळ आरक्षित करून प्रवेश देत होते, आणि त्याच्या तारखा आणि नियम वर्षागणिक बदलत आले आहेत. निघायच्या आठवड्यात उद्यानाचं पान बघून घ्या.

माळरान | ९ फेब्रुवारी

रानभूल यांच्याशी पूर्ण सहमत नाही. आम्ही तीन वर्षांपूर्वी पाचही उद्यानं सात दिवसांत केली, मुलं तेव्हा आठ आणि अकरा वर्षांची. दमलो, पण मुलांना आजही प्रत्येक जागा वेगळी आठवते. ब्राइसचे खडकांचे सुळके आणि आर्चेसच्या कमानी एकाच आठवड्यात बघण्यात एक गंमत आहे, पृथ्वीची पानं उलटल्यासारखं वाटतं. इतक्या दुरून युटात वारंवार येणं सगळ्यांना जमत नाही.

रानभूल | ९ फेब्रुवारी

माळरान, दुरून येणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं पटतं. पण तुम्ही मोटेलमध्ये राहिला होता का? आणि धावणं होतं का? यांना दोन्ही करायचंय, आणि हे डेन्व्हरला राहतात. मोॲब त्यांना ३५५ मैल, म्हणजे सहा तास. पुढच्या वर्षी झायन, त्याच्या पुढच्या वर्षी कॅपिटॉल रीफ, असं करता येईल.

माळरान | १० फेब्रुवारी

हो, मोटेल होतं. तंबूचा मुद्दा मान्य.

दरीकाठ | १० फेब्रुवारी

धावण्याबद्दल मी लिहिते. गेली सहा-सात वर्षं दर वसंतात मोॲबला धावते आहे, पहिली दोन वर्षं मुलं लहान असताना नवरा आणि मी पाळीपाळीनेच धावायचो.

सर्वात आधी वेळेचं गणित. मार्चअखेर उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात, त्यामुळे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेसातनंतर. पहिल्याने साडेसहाला हेडलॅम्प लावून निघायचं आणि साडेआठपर्यंत परत यायचं. मुलं तोवर स्लीपिंग बॅगमध्येच असतात. न्याहारीनंतर सगळ्यांनी मिळून चालायची वाट, आणि दुसऱ्याची पाळी संध्याकाळी पाचला. सकाळ कुणाची हे रोज बदला, कारण सकाळ जास्त चांगली असते. दुपारी वारा सुटतो.

तुमच्यासाठी पहिली वाट ग्रँडस्टाफ कॅनियन. १२८ वरच, कॅम्पग्राउंडच्या शेजारून सुरू होते, म्हणजे धावणाऱ्याला गाडी लागत नाही. येऊनजाऊन साडेचार-पाच मैल. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, पाय ओले होणारच, म्हणून पाणी निथळून जाणारे बूट घाला. शेवटी मॉर्निंग ग्लोरी नावाचा नैसर्गिक दगडी पूल, २४३ फूट लांबीचा. त्याच्याखाली पॉयझन आयव्ही माजलेली असते, मार्चमध्ये पानं नसली तरी काड्यांनीही अंगावर फोड येतात. हात लावू नका, मुलांना तर आधीच सांगून ठेवा. विल्यम ग्रँडस्टाफ हा कृष्णवर्णीय गुराखी १८७० च्या दशकात या दरीत राहून गुरं राखत होता. दरीला कित्येक वर्षं अपमानास्पद नाव होतं, ते २०१७ मध्ये अधिकृतपणे बदललं. मुलीला ही गोष्ट जरूर सांगा.

दुसरी डेड हॉर्स पॉइंटची. पूर्व आणि पश्चिम कड्यांच्या वाटा जोडल्या की पाच मैलांच्या आसपास फेरी होते, बरीचशी सपाट, आणि २,००० फूट खाली कोलोरॅडोचं वळण. सहा हजार फुटांच्या आसपास आहे म्हणून दम थोडा लवकर लागेल, डेन्व्हरकरांना एवढं जाणवणार नाही. तिथलं पाणी टँकरने वर आणतात, तेव्हा आपलं पाणी खालूनच भरून न्या.

आर्चेसमधली डेव्हिल्स गार्डनची पूर्ण फेरी ७.९ मैल आहे. लँडस्केप आर्चपर्यंत सोपी, पुढे खडकाच्या अरुंद पाठीवरून आणि मागच्या कच्च्या भागात हातापायांनी चढउतार. एकट्याने, कोरड्या दिवशी, अनुभव असेल तर. पाऊस किंवा बर्फ असेल तर नको. लँडस्केप आर्च ३०६ फूट लांब आणि मधे इतकी बारीक की खालून बघताना छातीत धस्स होतं. १९९१ मध्ये तिची एक मोठी शिळा कोसळली, तेव्हापासून खाली जाऊ देत नाहीत. त्याच वाटेवरची वॉल आर्च २००८ मध्ये एका रात्रीत पडली.

कॅनियनलँड्समधली सिंक्लाइन लूप मात्र या खेपेला सोडा. ८.३ मैल वाचून सोपी वाटते. त्या उद्यानात सर्वात जास्त लोकांची सुटका याच वाटेवरून करावी लागते. घोट्याएवढे दगड, वाट हरवते, पाणी नाही, फोन लागत नाही. मुलांपाशी थांबलेल्या जोडीदाराने चार तास काळजीत का काढायचे?

स्लिकरॉकवर, म्हणजे इथल्या उघड्या, सलग खडकावर धावण्याबद्दल एक सांगते. नाव निसरड्या खडकाचं असलं तरी कोरडा असताना बुटांना तो सँडपेपरसारखा धरतो. निसटायच्या त्या घोड्यांच्या लोखंडी नाला, म्हणून ते नाव. अडचण वाट दिसण्याची. खडकावर पायवाट उमटत नाही, दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. एका लगोरीपाशी पोचल्यावर पुढची दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही. मी एकदा धावण्याच्या भरात हे विसरले आणि अर्धा तास एका कड्याच्या टोकाशी फिरत राहिले.

आणि कृपा करून वाट सोडू नका. वाळूवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसेल. ती जिवंत माती आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांनी वाळूचे कण एकमेकांना बांधून धरलेले असतात. त्याच्यामुळेच पाणी मुरतं, झाडं तगतात, वारा वाळू उडवत नाही. एका पावलाने ती मोडते आणि भरून यायला कित्येक वर्षं, कधी कित्येक दशकं लागतात. समोरून माणसं आली की धावणारे बाजूला होतात आणि नेमके हिच्यावर पाय देतात. खडकावर किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभे राहा, नाहीतर वाटेवरच थांबा.

झुंजूमुंजू | ११ फेब्रुवारी

दरीकाठताई, किती छान लिहिलंत. आमच्याकडे कुत्रा आहे, त्याला घेऊन धावता येईल का?

दरीकाठ | ११ फेब्रुवारी

आर्चेस आणि कॅनियनलँड्सच्या वाटांवर कुत्र्यांना पूर्ण बंदी आहे, दोरी लावली तरी. ग्रँडस्टाफला चालतं. कोरोना आर्च बीएलएमच्या जमिनीवर आहे, पण तिथे लोखंडी दोर धरून चढायचं आहे आणि एक शिडीही आहे, तेव्हा उचलता येण्याएवढा असेल तरच. त्याची विष्ठा पिशवीत भरून परत आणायची.

घाटमाथा | १२ फेब्रुवारी

रस्त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोॲबला टी-शर्टमध्ये फिराल, पण तिथे जाताना आय-७० महामार्गावर ११,००० फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडायचा आहे. डेन्व्हरला मार्चमध्येच सर्वात जास्त बर्फ पडतो हे तुम्हाला माहीतच असेल. मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात सप्टेंबर ते मेपर्यंत बर्फाळ हवामानासाठी योग्य टायर किंवा साखळ्या गाडीत असणं सक्तीचं आहे. उन्हाळी टायरवर निघू नका. वादळाचा अंदाज असेल तर एक दिवस मागेपुढे करा.

आणि मोॲबभोवतीच्या कच्च्या रस्त्यांवर पाऊस पडल्यावर गाडी घालू नका. तिथली चिकणमाती भिजली की साबणासारखी होते, फोर-व्हील गाडीही जागच्या जागी फिरते.

पायवाट | १३ फेब्रुवारी

सगळ्यांचे खूप आभार. रात्री बसून बायकोशी बोललो, झायन आणि ब्राइस काढून टाकलं. कॅपिटॉल रीफही नाही. सहा रात्री मोॲब, नदीकाठी. आता थंडीचं सांगा. आमच्या स्लीपिंग बॅगवर २० अंश फॅरनहाइट लिहिलंय, म्हणजे पुरेल ना?

रानभूल | १३ फेब्रुवारी

बॅगवरचा मोठा आकडा बऱ्याचदा जेमतेम निभावण्याचा असतो. आत लेबलवर ‘कम्फर्ट’ असा वेगळा आकडा असेल, तो बघा, दहा-बारा अंशांनी जास्त निघेल. मार्चअखेर नदीकाठी पहाटे तीस-पस्तिसापर्यंत उतरतं, कधी त्याखालीही. दिवसा साठ-पासष्ट. एका दिवसात चाळीस अंशांचा फरक पडणारा प्रदेश आहे हा.

लोक बॅगवर खर्च करतात आणि खालची मॅट विसरतात. थंडी जमिनीतून वर येते, कारण अंगाच्या वजनाने बॅगमधली खालची पिसं दबून जातात आणि त्यांत हवा राहत नाही. हवा भरायच्या मॅटखाली एक साधी फोमची मॅट घाला. मुलांना झोपताना गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली पायाशी द्या. ती सकाळपर्यंत कोमट राहते आणि चहालाही वापरता येते. बाहेर ठेवायच्या पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, तो बुडाशी राहील आणि झाकण उघडेल.

स्टोव्हचं सिलेंडर साध्या ब्युटेनचं नको. गोठणबिंदूच्या आसपास त्याचा वायूच होत नाही, ज्योत मरते. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण किंवा सरळ प्रोपेन घ्या. आणि कितीही थंडी वाजली तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दरीकाठ | १४ फेब्रुवारी

वाऱ्याची तयारीही करा. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. रिकाम्या कापडी पिशव्या न्या, तिथे वाळू भरून दोऱ्या त्यांना बांधा. दिवसा फिरायला जाताना तंबूत पाण्याचे कॅन चारही कोपऱ्यांत ठेवून जा.

पायवाट | ६ एप्रिल

परवा घरी पोचलो. इथून इतकं काही मिळालं की परत येऊन लिहिणं माझं कर्तव्यच आहे.

शनिवारी निघालो तेव्हा बोगद्याच्या अलीकडे हिमवर्षाव सुरू झाला. टायर नीट होते, पण सहा तासांचे नऊ तास झाले. त्या रात्री ग्रँड जंक्शनला मोटेलमध्ये राहिलो आणि रविवारी पहाटे निघून साडेआठला १२८ वर हजर. गूस आयलंड भरलेलं होतं. ग्रँडस्टाफला एक कुटुंब तंबू गुंडाळत होतं, आम्ही गाडी बाजूला लावून त्यांना हातभार लावला आणि तीच जागा मिळाली. पुढचे सहा दिवस तंबू हलवला नाही. रानभूल, याचं मोल मला तिसऱ्या दिवशी कळलं. मुलगा ‘घरी चला’ म्हणाला तेव्हा त्याला तो तंबूच अभिप्रेत होता.

पहिल्या सकाळी बायको धावायला गेली. मी स्टोव्हवर पाणी ठेवून बसलो होतो. कड्याच्या वरच्या टोकाला आधी नारिंगी रेघ आली, मग ती हळूहळू खाली उतरत नदीपर्यंत आली, आणि दरीच्या तोंडातून तिच्या हेडलॅम्पचा ठिपका दिसला. पाय गुडघ्यापर्यंत ओले, चेहरा लाल, आणि बोलायला शब्द नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो. ओढा किती वेळा ओलांडला ते मोजायचं सोडून दिलं. पुलाखाली एकटाच होतो, वरून पाणी ठिबकत होतं, बाकी काही आवाज नव्हता.

मंगळवारी दुपारी वाऱ्याने तंबूची एक काठी मोडली. वाळूच्या पिशव्या नसत्या तर तंबू नदीत गेला असता. दुरुस्तीची नळी सोबत होती, ती मोडलेल्या जागी सरकवून चिकटपट्टीने बांधली. ही नळी तंबूसोबतच येते आणि आम्ही ती घरी टाकून निघणार होतो. ती घ्याच. तीन दिवस सगळ्या खाण्यात वाळू होती.

रात्री एकदा २८ अंशांपर्यंत गेलं. गरम बाटल्यांमुळे मुलं शांत झोपली, मीच फोमची मॅट दोन्ही मुलांखाली घालून स्वतः कुडकुडलो.

डेलिकेट आर्चला चौघं गेलो, येऊनजाऊन तीन मैल. चढाच्या खडकावर मुलीने विचारलं, ‘बाबा, इथे धावू का?’ रुंद उतार होता, कोरडा होता, मी हो म्हटलं. ती एका लगोरीपाशी थांबायची, हात वर करून पुढची दाखवायची आणि मग निघायची. दरीकाठताई, तुमचं वाक्य मी गाडीत वाचून दाखवलं होतं, ते तिने माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. शेवटच्या टप्प्यात वाट कड्याच्या कडेने जाते, तिथे मात्र दोघांचे हात धरले. वारा होता.

आणि एक वाईट वाटलेली गोष्ट. एका वाटेवर बरेच जण फोटोसाठी त्या काळ्या मातीवरून चालत होते. मुलीने त्यातल्या एका काकूंना जाऊन ती जिवंत आहे असं सांगितलं. त्यांनी तिचं ऐकलं, आपल्याच पावलांवर पाय देत मागे आल्या.

माझं धावणं सहा दिवसांत २३ मैल, बायकोचं २६.

माळरान | ६ एप्रिल

वाचून फार आनंद झाला. आम्हीही पुढच्या वर्षी तंबू घेऊनच जायचं ठरवलंय. मुलाला सहाव्या वर्षी कुठले बूट दिले होते?

पायवाट | ७ एप्रिल

साधे शाळेचेच खेळाचे बूट, पण दोन जोड. एक जोड कायम ओढ्यात भिजलेला असायचा. मोजे सहा जोड नेले होते, ते दहा हवे होते.

दरीकाठ | ७ एप्रिल

पायवाट, पुढच्या वसंतात आम्ही डेड हॉर्सला कॅम्पिंग करणार आहोत. तिथलं आरक्षण चार महिने आधी उघडतं. नोव्हेंबरच्या शेवटी या धाग्यावर आठवण करते, शेजारशेजारच्या दोन जागा मिळतात का बघू. चार मोठी माणसं असली तर सकाळी दोघांना एकत्र धावता येईल.